गॅरेजमधली सवत

हँडल अर्ध्यावरच अडकलं. हेमचंद्रने जोर लावला, मग आणखी जोर लावला, शेवटी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. हिरवं ओतीव लोखंडी यंत्र ढिम्म हललं नाही.

"हिला आजच रुसायचं होतं!" तो ओरडला.

उत्तरा चहाचा कप घेऊन दारातच थांबली. 'ही' म्हणजे कोण, हे अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्या घरात कुणाला विचारावं लागत नसे. रिकाम्या पितळी काडतुसांत मोजून दारू भरणारी, वर गोळी दाबून बसवणारी ही बाई गॅरेजच्या बाकावर आली, आणि रिटायर झालेला नवरा घरातून गेला तो गेलाच, असं उत्तराचं स्पष्ट मत होतं. तो तिला तेल पाजायचा, मऊ फडक्याने पुसायचा. जेवायला आलेल्या पाहुण्यांना आमरस खाली ठेवायला लावून तिच्यापुढे नेऊन उभं करायचा. "जुनं ओतकाम आहे हो! हजारो काडतुसं भरली, केसभर ढिली नाही. आणि कधी खोटं बोलत नाही!" एवढं कौतुक उत्तराचं तिच्या लग्नातसुद्धा कुणी केलं नव्हतं. म्हणून ती तिला सवत म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची.

आज मात्र चेष्टा सुचेना. उद्या दसरा, आणि उद्याच सकाळी शिवांगीची पिस्तुलाची मोठी मॅच. पोरगी वर्षभर बाबांच्याच काडतुसांवर सराव करत होती, दुकानातल्या काडतुसांनी तिचा नेम हलायचा. आणि बाकावरचा डबा अजून अर्धा रिकामा होता.

"डॅड, हाऊ मच लाँगर?" आतून शिवांगीने विचारलं. ती बॅग भरत होती.

"होतंय गं, होतंय!" हेमचंद्रने पाना उचलला. "ही तपासणीची दांडी फार नखरेल आहे. काढूनच टाकतो. बाकी सगळं झकास चाललंय."

ती दांडी उत्तराने शंभरदा पाहिली होती. दारू पडली की ती प्रत्येक काडतुसात डोकावायची. दारू कमी वाटली किंवा जास्त वाटली, तर सगळं यंत्र जागच्या जागी धरून ठेवायची.

"काढली तर काय होईल?"

"काही होत नाही."

"मग बसवली कशाला?"

हेमचंद्र पाना फिरवता फिरवता थांबला. "एखाद्यात दारू कमी पडली, तर गोळी पिस्तुलाच्या नळीतच अडकून बसते. नेमबाजाला घाईत कळत नाही. मागून दुसरी झाडली, की नळी फुटते."

"कुणाच्या हातात?"

आतून शिवांगीच्या बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला.

उत्तराने कप बाकावर आपटला. "अहो, जगाला सांगत फिरता ना, ही खोटं बोलत नाही म्हणून? आणि आज ती काहीतरी सांगतेय, तर पाना घेऊन तिच्याच अंगावर? आधी बघा तरी ती काय म्हणतेय!"

हेमचंद्रने मुकाट्याने पाना फिरवला, पण तो दुसऱ्याच ठिकाणी. त्याने दांडीखालचं काडतूस काढून कागदावर उपडं केलं. चिमूटभरही दारू पडली नाही. मग वरचं दारूचं भांडं रिकामं केलं, खालची नळी सोडवली आणि दिव्यासमोर धरली. नळीच्या गळ्यात काहीतरी आडवं बसलं होतं. त्याने काडीने ते तळहातावर पाडलं.

लालसर तांदळाचा एक दाणा.

उत्तराने तो लगेच ओळखला. सकाळीच तिने खंडेनवमीची पूजा केली होती. शिलाई मशीन, विळी, गाडी, लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. वर्षाचा दिवस म्हणून या सवतीवरही चार अक्षता टाकल्या होत्या, पण लांबूनच. हात लावायला नको म्हणून फेकल्याच होत्या म्हणा ना! भांड्याचं झाकण उघडं होतं, तिकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं. आणि दाणाही बासमतीचा, लांबलचक. बरोबर आडवा जाऊन बसला.

"मी टाकली ती," ती म्हणाली. "अहो, माझ्याच हातून..."

"आणि मी दांडी काढत होतो," हेमचंद्र हळूच म्हणाला.

मग हेमचंद्रने नळी पुसली, भांडं पुन्हा भरलं, झाकण घट्ट लावलं आणि हँडल खाली ओढलं. खट्. लोण्यातून सुरी फिरावी तसं ते खाली गेलं. उत्तरा जवळचं स्टूल ओढून तिथेच बसली. पितळ पुढे सरकत होतं, दारू पडत होती आणि प्रत्येक काडतुसात ती दांडी न कंटाळता डोकावत होती. एकही काडतूस तिने तसंच जाऊ दिलं नाही. काय बाई आहे ही, उत्तराला वाटलं, आणि तिला मनापासून वाटलं. चहा केव्हाच गार झाला होता.

सकाळी शिवांगी बॅग खांद्याला लावून नमस्काराला वाकली. उत्तराने तिला मधेच धरलं आणि गॅरेजमध्ये नेलं. तपासणीच्या दांडीवर बोटाने लावलेलं कुंकू अजून ओलं होतं.

"आधी हिला कर."

"आई, सीरियसली? तुझ्या सवतीला?"

"कर म्हणते ना," उत्तरा म्हणाली. "काल तुझी आई तीच होती."