शेवटच्याची ओ

मुसळधार पावसानंतर डोंगराच्या निसरड्या वाटेने सायकली उतरवताना आमचा एक नियम असे. सगळ्यांत पुढच्याने वळणावर हाक द्यायची, "शेवटचा?" आणि शेवटच्याने म्हणायचं, "आहे."

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पुढे मी होते आणि शेवटी माझा धाकटा भाऊ. प्रत्येक वळणावर मला "आहे" ऐकू आलं, म्हणून मी मागे पाहिलं नाही. तो सापडला पहिल्याच वळणाखाली. आईने मला कधी माफ केलं नाही. बाकीच्या वळणांवर ओ कोण देत होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तरीही नातीला हा नियम मीच शिकवला.

आज तिचे दोन मित्र चिखलाने माखून, वाट संपते तिथल्या माझ्या दारात आले.

"येतेय हो आजी, गोगलगाय आहे ती," एकजण हसला. "प्रत्येक वळणावर ओ देत होती."

"आवाज तिचाच होता?"

त्याने वाटेकडे तोंड करून हाक दिली, "शेवटचा?"

"आहे."

अगदी कुंपणापासून. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या भावाचा आवाज जराही बदलला नव्हता.