पाटावरचा दिवा

हात्सुएने भाताची जुडी बसक्या टेबलावर आपटली. चहाचे पेले हिंदकळले आणि वांग्याच्या लोणच्याची बशी थेट कुनिहिकोच्या मांडीवर गेली.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"भात," मांडी पुसत कुनिहिको म्हणाला. तो वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष. सुगीच्या मिरवणुकीत ढोल कोणी वाजवायचा हे ठरवायला त्याने सगळ्यांना जमवलं होतं.

"भात? मग लोंबी कुठाय? गवत आहे हे, गवत. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, मला भात शिकवू नकोस."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारी खोटं बोलत नव्हती. सप्टेंबर अर्धा सरला होता, आजूबाजूची खाचरं पिवळी होऊन वाकली होती, आणि हात्सुएच्या खाचराचा पाटाकडचा कोपरा अजून हिरवागार, ताठ उभा होता. लोंबी बाहेर पडून निसवलाच नव्हता. भाताला निसवायला रात्रीचा काळोख लागतो. तो मिळाला नाही तर उन्हाळा संपत आलाय हे त्याला कळतच नाही. त्या कोपऱ्यावर पूर्वी एक ट्यूब होती, मरतुकडी, अर्धा वेळ फडफडणारी. तिने भाताचं कधी काही बिघडवलं नव्हतं. यंदा पेरणीच्या आधी मंडळाने वाडीतले सगळे जुने दिवे उतरवून एलईडी बसवले. वीज कमी, उजेड जास्त, म्हणून जो तो कौतुक करत होता. आणि सगळ्यांत मोठा दिवा नेमका हात्सुएच्या कोपऱ्यावर आला.

तो कोपरा तिच्या नवऱ्याने एकट्याने फावड्याने सपाट केलेला. तो गेल्यापासून दर सुगीला नव्या तांदळाचा पहिला भात ती त्याच कोपऱ्यातला शिजवायची आणि त्याच्या फोटोपुढे ठेवायची. यंदा ठेवायला दाणा नव्हता. हे कळल्यापासून तिच्या डोक्यात नुसता जाळ होता.

"दोनदा मी त्या दिव्याला खताची रिकामी गोणी बांधली. दोनदा कोणीतरी सोडली. कोण तो शहाणा, पुढे या."

एका म्हाताऱ्याने रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"दिवा लावताना मला एका शब्दाने विचारलं नाहीत. मी काय मेले होते?"

"विचारलं असतं तर लावू दिला असतात का, काकू?" कुनिहिको म्हणाला.

"नसता. म्हणूनच विचारायचं असतं, गाढवा."

"सगळ्या वाडीने मिळून ठरवलं."

"मी नाही वाटतं वाडीतली? मग ऐक. उद्या सकाळी बांबू घेऊन जाते आणि तुमच्या त्या दिव्याचा चुरा करते. पोलीस बोलवायचे तर आत्ताच सांगून ठेव, बिचारे वेळेवर उठतील."

ती खरंच फोडेल, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गोणी मी सोडली, आई."

स्वयंपाकघराच्या दारात रित्सुको किटली घेऊन उभी होती. हात्सुएची सून. सभेत ती चहा द्यायची, पेले विसळायची. तिचा आवाज तिथे कोणी ऐकला नव्हता. "दिवाही मीच मागितला," ती म्हणाली.

हात्सुए गर्रकन तिच्याकडे वळली. घरातूनच घात.

"तू? तुला गं कशाला दिवा? इतक्या वर्षांत बांधावर पाय तरी ठेवलास का कधी? अंधाराची भीती वाटते तर दार लावून घरात बसायचं. माझ्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढलास तू."

रित्सुकोने किटली खाली ठेवली.

"मागच्या वर्षी एका संध्याकाळी तुम्ही पाणी बघायला गेलात. दुसऱ्या दिवशी तुमचे गमबूट मागच्या अंगणात उलटे वाळत होते. धुतलेले. आतूनसुद्धा. आतून बूट कोण धुतं, आई?"

हात्सुएची नजर दारातल्या आपल्या गमबुटांकडे गेली.

पावसाळ्यात त्या पाटाला छातीइतकं पाणी असतं. शेजारच्या वाडीतला एक म्हातारा असाच तिन्हीसांजेला पाटाचं पाणी अडवायची फळी बघायला गेला आणि सकाळी खालच्या जाळीला अडकलेला सापडला. ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बुटांचंही ठाऊक होतं, हे हात्सुएला एकेका चेहऱ्यावरून आत्ता कळत होतं. तिने स्वतः वर्षभर चकार शब्द काढला नव्हता. काढला असता तर घरात बसवली असती तिला, दुसरं काय. आणि यांनी गुपचूप तिला म्हातारी ठरवून टाकली होती. तिचे कान तापले. हा राग भाताच्या रागाहून मोठा होता आणि तो कोणावर काढायचा हेच तिला समजेना.

तिने जुडी उचलली, दारापर्यंत गेली, गमबूट चढवले आणि मागे वळली.

"कुनिहिको, दिवा बसवणाऱ्याला उद्या बोलाव. दिव्याचं तोंड भाताकडून फिरवून पाटाकडे करायला सांग. एवढीही अक्कल नाही तुम्हाला."

"सांगतो, काकू. बरोबर फळीवर उजेड पाडायला सांगतो."

"फळीवर नाही," हात्सुए खेकसली. "मी फळीपाशी नव्हते पडले. जरा वरच्या अंगाला, पाट ओलांडायच्या साकवापाशी पडले. तिथे अजून काळोखच आहे."