मधला खांब

राजारामपुरीतल्या आमच्या घरात मल्लव्वा आणि धाकटा नागू, या माझ्या नातवंडांनी जुन्या लुगड्यांच्या वाकळांचा, म्हणजे गोधड्यांचा, किल्ला बांधला होता. उखळात मुसळ उभं करून त्यावर वाकळ टाकायची, हे मीच शिकवलं होतं.

रेडिओवर बातम्या लागल्या, तसं मी म्हणालो, "मोडा आता. मुसळ काढलं की किल्ला बसतो, बघा."

दोघं बाहेर येऊन माझ्या मागे उभी राहिली आणि मी मुसळ ओढून काढलं. वाकळ तशीच उभी राहिली.

"अज्जा, त्यो धरून हुबा हाय की," मल्लव्वा म्हणाली.

"कोण गं?"

"आतला. त्याचं हात दुखाय लागल्यात. आता तुमच्यातलं कुणीतरी या म्हणतोय."

नागूला जवळ ओढायला मी हात मागे नेला. तो तिथं नव्हता.

वाकळ हळूच खाली आली आणि नागूच्या उंचीवर थांबली.