पानबाईंचा अभिग्रह

गुलाबबाईनं आज लाल साडी नेसून, डोक्यावर गुळाचा खडा ठेवून सासूपुढं ताट धरलं. पानबाईंनी सुनेकडं कौतुकानं पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा जपमाळ ओढायला घेतली.

"हेही नाही," गुलाबबाई बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली आणि गूळ डब्यात टाकला.

प्रकाशचंदनं कपाळ चोळलं. आईनं अभिग्रह धरला होता. मनात एक अट धरायची, ती कुणाला सांगायची नाही आणि ती घडेपर्यंत उकळलेल्या पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. अट घडली तर पारणं, नाही घडली तर उपवास चालूच. चोपड्याच्या जैन घरांना यात नवल नव्हतं, पण पानबाई सत्तरीच्या होत्या आणि आता त्यांना उठून बसायलाही आधार लागे. डॉक्टर नाडी बघत आणि पेटी उचलून निघून जात. आई डोळ्यांदेखत जाणार, या भीतीनं प्रकाशचंदची झोप उडाली होती.

अंदाज बांधून बांधून घर थकलं होतं. टकल्या माणसाच्या हातून ताट देऊन झालं. कपिला गाय दारात आणून झाली. तिनं ओट्यावर वाळत घातलेल्या पापडांचा फडशा पाडला.

"बाजारातून आलात त्याच दिवसापासून बाईंनी खाणं सोडलं," गुलाबबाई म्हणाली. सासूला घरात सगळे बाईच म्हणत. "तिथं झालं काय होतं?"

बाजारात हत्तीण आली होती. एक सर्कस मोडली तेव्हा पारोळ्याच्या झुलालनं ती घेतली. तिचं नाव जमना. पानबाईंनी तिच्या सोंडेत केळं दिलं. जमनानं ते तोंडात न घालता पाठीवरच्या झुलालच्या हाती दिलं, त्यानं झोळीत टाकलं. तेवढ्यात त्याचा अंकुश निसटून खाली पडला. जमनानं तोही उचलून मुकाट्यानं मालकाला दिला. चालायला उशीर केला म्हणून झुलालनं तोच तिच्या कानामागं रुतवला. तिथं आधीचीच जखम होती. हत्तीण कळवळून ओरडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पानबाई वळून वळून तिच्याकडं बघत घरी आल्या.

एवढं सांगता सांगता प्रकाशचंद ताडकन उठला.

"केळं! बाईनं दिलेलं केळं त्या उपाशी जनावराच्या तोंडी लागलं नाही, तेच तिच्या मनाला लागलं. आणि महाराज व्याख्यानात सांगत नाहीत का, एका साधूचं पारणं हत्तीनं घडवलं होतं? हत्तीण बाईला केळं देईल, हीच अट. दुसरी काय असणार?"

कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. तो तसाच गावाबाहेरच्या केळीच्या बागेकडं निघाला. झुलालचा मुक्काम तिथं होता.

झुलालनं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"शेठ, हाई उलटं काम शे. जमना जे उचलस ते मना हातमा देस. मार खाई खाई शिकेल शे ती. आते तुमी म्हंतस, म्हातारीले दे."

"हुशार आहे ना पण?"

"मानूसपेक्षा हुशार शे. केळं काय नि काठी काय, तिले फरक नही. कोनले द्याचं, तेच शिकाडनं पडी. तुमनी मायनी पांढरी ओढणी द्या, मनी बायको ती पांघरीसन बसी. पन घाई शे, तं अंकुश लागी."

प्रकाशचंद तसा पापभीरू माणूस. सरकीच्या पोत्यात किडा सापडला तर तो कागदावर घेऊन झाडाखाली सोडून येई. पण आता त्याच्या डोळ्यांपुढं आईचा वाळलेला चेहरा आला.

"काय करायचं ते कर," तो म्हणाला. "मी इथं थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी ओढणी पोचवून तो घाईघाईनं परत फिरला. जमनाची किंकाळी त्याला कापसाच्या जिनाच्या फाटकापर्यंत ऐकू आली. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, पण पाय थांबले नाहीत.

ठरलेल्या सकाळी पानबाईंना धरून ओट्यावर आणलं, पांढरी ओढणी पांघरून बसवलं. सगळी गल्ली जमली होती. झुलाल अंकुश घेऊन जमनाशेजारी उभा राहिला. गुलाबबाईनं केळ्यांचं ताट पुढं ठेवलं.

जमनानं एक केळं उचललं. प्रकाशचंदनं हात जोडले.

जमनानं केळं स्वतःच्या तोंडात टाकलं. मग दुसरं उचललं, तेही खाल्लं. गल्लीत हशा पिकला. पानबाईही हसल्या. प्रकाशचंदचे जोडलेले हात खाली आले.

"दे! म्हातारीले दे!" झुलाल खेकसला. त्यानं अंकुश उगारला.

जमनाची सोंड वर गेली. तिनं उगारलेल्या अंकुशाला अलगद वेढा घातला, तो झुलालच्या मुठीतून सोडवला आणि पानबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवला. मग ती कान हलवत उभी राहिली.

झुलाल ओशाळला. अंकुश घ्यायला तो पुढं झाला, पण पानबाईंनी त्यावर ओढणी ओढून घेतली.

"चुकली जमना," प्रकाशचंद रडवेला होऊन म्हणाला. "बाई, मी उद्या पुन्हा आणतो तिला. केळं देईल ती, नक्की देईल."

पानबाईंनी ओढणीखालचा अंकुश दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गुलाब," त्या म्हणाल्या, "मुगाचं पाणी उकळायला ठेव. झाली माझी अट पुरी."