लाल टॉवेल

क्लॅरी करवत घेऊन परसाच्या टोकाला पोचला, तरी मागून त्याच्या मुलीची, ग्लेनिसची, बडबड चालूच होती.

"बाबा, उद्या होबार्टला कायमचे निघालोय आपण. आजच गुडघ्यांचे हाल कशाला?"

"हे झाड आडवं येतंय. खाली भट्टीच्या ओट्यावरून घर दिसत नाही. जायच्या आधी एकदा बघू दे."

क्लॅरीनं जन्मभर काम केलेली ती तांब्याची भट्टी केव्हाच थंडावली होती, पण तिचा वास त्याच्या नाकातून गेला नव्हता. काय दिवस होते ते! तांब्याचा दगड एकदा पेटला आणि वारा मिळत राहिला, की आपल्याच पोटातल्या गंधकावर धडधडून जळायचा. तांबं तळाशी उतरायचं, धूर टेकड्यांवर बसायचा. गवताचं पातंही जगायचं नाही. त्या बोडक्या टेकड्यांवर क्लॅरीचा भारी जीव. कारण भट्टीपासून घरापर्यंत मध्ये काहीच नसायचं. जेवण तयार झालं की त्याची बायको आयडा दोरीवर लाल टॉवेल टाकायची, आणि धुरातूनही तो दिसायचा. धुरानं टॉवेलला भोकं पडली, तरी तिनं तो बदलला नाही.

भट्टी बंद झाल्यावर उतारावर उगवेल ते रोप क्लॅरी उपटून टाकायचा. गावातले बरेच जण तेच करायचे. हे एक झाड तेवढं आयडानं राखलं. आपोआप आलंय, राहू दे, म्हणाली होती. आता ती नव्हती, झाड होतं.

त्यानं करवत बुंध्याला लावली.

"आपोआप नाही आलं ते," ग्लेनिस म्हणाली. "आईनं नदीपलीकडून बादल्या भरभरून माती आणली होती."

"मग मला का नाही बोलली?"

"कशी बोलणार? तुम्ही त्या धुराचं कौतुक सांगत बसायचा, बाबा. ती खोकत असायची."

 क्लॅरी करवत टाकून घरात गेला आणि बांधलेल्या सामानातून तो टॉवेल शोधून घेऊन आला.

"चढ वर, शेंड्याला बांध हा. तुझे गुडघे धड आहेत अजून."

"या वयात मला झाडावर चढवताय?" असं म्हणत ती चढली.

तो उतार उतरून ओट्यावर जाऊन उभा राहिला. घर दिसत नव्हतं. हिरव्या शेंड्यावर टॉवेल तेवढा फडफडत होता.

"आलो गं, आयडा!" तो ओरडला. भट्टीच्या घरघरीत ही रोजची हाक कधीच वर पोचली नव्हती.