दोरी ओवलेलं लेबल
वंशावळीसाठी नात घरचं बायबल उघडून बसली, तेव्हापासून वॉल्टरआजोबा तिच्यापुढे केकची बशी सरकवत होते. पहिल्या पानावर रडॉक घराण्यातल्या सात पिढ्यांचे जन्म लिहिलेले होते. “आजोबा, सगळ्यांची नावं आहेत, तुमचंच कसं नाही?” “राहिलं असेल गं. ठेव ते, केक खा.” पण तिने पान उलटलंच, आणि दोरी ओवलेलं पुठ्ठ्याचं लेबल खाली पडलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून खेड्यांत पाठवलेल्या पोरांच्या गळ्यात असली लेबलं असत. यावर नाव होतं सिडनी ग्रोव्ह. “हा कोण?” आजोबा दाराकडे बघत राहिले. बॉम्बहल्ल्यात त्यांची गल्लीच गेली, न्यायला कुणी आलं नाही. रडॉकबाईंनी गुपचूप त्यांना वॉल्टर हे नवं नाव देऊन ठेवून घेतलं, त्याला ऐंशी वर्षं झाली होती. “सांगा ना!” नात हसली. “मी गोठा साफ करतो,” आजोबा कुजबुजले, “खातोही थोडंच. मला परत पाठवू नका.”