पेला आणि चमचा

"काही लागलं तर वाजवा, आई. मावशी स्वयंपाकघरातच असतात," म्हणत सून केतकीने उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला.

खुब्याचं हाड मोडून पडलेल्या मालिनीबाई पेल्याकडे बघत राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या सासूबाईसुद्धा असाच पेला वाजवायच्या, आणि अकरा वर्षं मालिनीबाई गाणं अर्धवट सोडून धावायच्या. शेवटी तंबोरा माळ्यावर गेला. केतकी लग्न होऊन आली, तेव्हा त्यांनीच तो पुसून तिच्या हाती दिला होता. "माझ्यासारखी पस्तावू नकोस. रियाजाला बसलीस की कुणासाठी उठायचं नाही. माझ्यासाठीसुद्धा."

संध्याकाळी मावशी भाजी आणायला गेल्या आणि नेमकी तेव्हाच बेडपॅनची गरज लागली. मालिनीबाईंनी पेला वाजवला. पलीकडच्या खोलीतलं गाणं थांबलं. त्यांनी पुन्हा वाजवला, या वेळी जोरात.

दाराला आतून कडी लागली. गाणं सुरू झालं.

चादर ओली झाली, मग गार पडली. मालिनीबाई तशाच पडून ऐकत होत्या. पोरीचा पंचम अगदी स्वच्छ लागला होता. त्यांचा असा कधीच लागला नव्हता.